बिद्रीची पावसाळी वाट

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील बिद्री हे गाव कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर, जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर वसलेले असून, दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित झाले आहे. या परिसरातील अनेक कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यात स्थिरावली असली तरी गावाकडचे घर, शेती आणि मैत्र सुटलेले नसते, आणि शहरातील स्नेह्यांना एकदा तरी आपल्या गावी आणावे, ही या मंडळींची मनापासूनची इच्छा असते. अशी निमंत्रणे बहुधा पावसाळ्यातच दिली जातात. आषाढातील बेंदूर, म्हणजे बैलांना सजवून त्यांची पूजा करण्याचा सण, याच दिवसांत येतो. राधानगरीजवळचा राऊतवाडीचा धबधबा याच दिवसांत वाहतो आणि दाजीपूरचे जंगलही याच दिवसांत हिरवेगार होते. त्यामुळे मित्रांच्या भेटीसाठी मुंबईहून निघालेला प्रवासी वर्षातील सर्वांत देखण्या काळात या भागात येतो आणि वर्षातील सर्वांत बेभरवशाच्या रस्त्यावरून येतो.

या प्रवासातील अडचणींना नशिबाचा भाग मानण्याची प्रथा आहे. नकाशा नीट पाहिला तर मात्र त्यांतील बहुतेक अडचणी कोठे आणि केव्हा उभ्या राहणार हे बरेचसे आधी सांगता येते. मुंबई ते कोल्हापूर हे रस्त्याने सुमारे ३८० किलोमीटरचे अंतर आहे आणि त्यातील पुण्यापुढचा टप्पा हा एकामागून एक नद्या ओलांडण्याचा टप्पा आहे: पुणे-बेंगळुरू महामार्ग नीरा ओलांडतो, सातारा जिल्ह्यात कृष्णा ओलांडतो, कराडजवळ कोयना, पुढे वारणा आणि कोल्हापूरच्या वेशीवर शिरोलीजवळ पंचगंगा. कोल्हापुरातून कळंबा, इस्पुर्ली असे करत गारगोटीच्या दिशेने निघाल्यावर बिद्रीजवळच्या मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे दूधगंगाही ओलांडावी लागते. या सर्व नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरतात, सर्वांवर किंवा त्यांच्या उपनद्यांवर धरणे आहेत, आणि माथ्यावर सलग चार-सहा दिवस मुसळधार पाऊस झाला की त्या जवळजवळ एकाच वेळी फुगतात. म्हणून येथे एखादा पूल बंद झाला की आजूबाजूचे पूलही बंद झालेले असण्याची किंवा लवकरच होण्याची शक्यता मोठी असते, आणि एका वाटेला दुसरी वाट पर्याय म्हणून निवडताना दोन्ही वाटा एकाच पावसाच्या ताब्यात आहेत हे ध्यानात ठेवावे लागते.

अडचणीची सुरुवात घाटमाथा गाठण्यापूर्वीही होऊ शकते, हे २०१९ च्या जुलै महिन्यात सर्वांना दिसले. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली आणि २७ जुलैची सकाळ उजाडली तेव्हा एक हजाराहून अधिक प्रवासी चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या गाडीत होते. त्यांत गरोदर स्त्रिया होत्या, लहान मुले होती, वृद्ध होते. रेल्वेने प्रवाशांना वारंवार एकच सूचना दिली: गाडी सुरक्षित आहे, खाली उतरू नका, मदतीची वाट पाहा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे पूर, भूकंप यांसारख्या प्रसंगी बचावकार्यासाठी प्रशिक्षित केलेले केंद्र सरकारचे दल, रबरी बोटी घेऊन पोहोचले. नौदल आणि हवाई दलाची मदत आली. परिसरातील गावकरीही उतरले. दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले आणि त्यांना पुढे नेण्यासाठी कल्याणहून कोल्हापूरला विशेष गाडी सोडण्यात आली.

या घटनेची नोंद सामान्यतः बचावकार्याच्या यशाची नोंद म्हणून घेतली जाते आणि ती योग्यच आहे. परंतु प्रवासाच्या दृष्टीने तिच्यातील अधिक मोलाची गोष्ट म्हणजे प्रवाशांनी गाडीतच थांबणे. रेल्वेचा डबा रुळांपासून बराच उंच असतो आणि जड असतो. रुळांखालची खडी मात्र पुराच्या पाण्याने वाहून जाऊ शकते, रुळालगतच्या चरांची खोली अंधारात कळत नाही आणि गढूळ पाण्यात पाय कोठे पडतो आहे हे दिसत नाही. अशा वेळी तास-दोन तासांनी अस्वस्थता वाढते, कोणीतरी स्टेशन जवळच आहे असे म्हणतो आणि चार जण त्याच्या मागून उतरायला तयार होतात. हाच क्षण सर्वांत धोक्याचा असतो. शेकडो माणसांनी रात्रभर डब्यात बसून राहण्याचा संयम दाखवला, म्हणून बोटी पोहोचेपर्यंत ती माणसे एका जागी सापडली.

त्या घटनेला पंधरवडाही लोटला नव्हता तोच कोल्हापूरला महापुराने गाठले. येथे पुराची चर्चा फुटांत होते, आणि ती भाषा बाहेरून येणाऱ्याला समजणे आवश्यक आहे. कोल्हापूर शहराजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा असून तेथील पाण्याची उंची दिवसातून अनेकदा जाहीर केली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी, म्हणजे सावध होऊन स्थलांतराची तयारी करण्याची पातळी, आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही उंची ५५ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आल्याने देशातील एक महत्त्वाचा रस्ता काही दिवस बंद राहिला, मालमोटारींच्या रांगा मैलोगणती लागल्या आणि कोल्हापूर शहराचा उत्तरेकडचा मार्ग तुटला. मिरजेहून कोल्हापूरकडे येणारा रेल्वेमार्गही रुकडीजवळ पंचगंगा ओलांडत असल्याने अशा पुरात तोही बंद ठेवावा लागतो आणि गाड्या मिरजेपर्यंतच धावतात.

या आकड्यांसोबत आणखी एक बातमी रोज वाचायला मिळते, ती म्हणजे किती बंधारे पाण्याखाली गेले त्याची. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही या जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेली रचना आहे. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभारलेले असतात आणि खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा संपला की या खाचांत एकावर एक फळ्या बसवून, ज्यांना बरगे म्हणतात, पाणी अडवले जाते आणि पावसाळ्यापूर्वी बरगे काढून नदीला वाट मोकळी करून दिली जाते. खांबांवरून टाकलेल्या अरुंद पुलावरून पलीकडच्या गावाची वाहतूक चालते. हा पूल मुद्दामच ठेंगणा असतो, कारण बंधाऱ्याचे काम पाणी अडवण्याचे आहे. परिणामी पहिल्या मोठ्या पावसातच तो पाण्याखाली जातो आणि गावकरी लांबचा पण उंच पूल वापरू लागतात. मोबाइलवरील नकाशाला हे ऋतुमान नेहमीच कळते असे नाही. सर्वांत कमी अंतराची वाट म्हणून तो प्रवाशाला बंधाऱ्याच्या दिशेने वळवू शकतो, आणि संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात वीतभर पाण्याखाली असलेला कठडा नसलेला पूल हा ओल्या रस्त्यासारखाच दिसतो. बिद्रीच्या परिसरात दूधगंगा आणि वेदगंगा या दोन्ही नद्यांवर असे बंधारे आहेत. अनोळखी प्रवाशाने पावसाळ्यात बंधाऱ्यावरून जाण्याचा विचारच करू नये, मग पलीकडचा माणूस हात करून बोलावत असला तरी.

वाहत्या पाण्याची ताकद डोळ्यांना खरी वाटत नाही. साधारण अर्धा फूट खोलीचे वेगवान पाणी उभ्या माणसाचे पाय काढू शकते, फूटभर पाणी लहान मोटार उचलू लागते आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते, कारण मोटार ही आत हवा असलेली बंद पेटी आहे आणि पाणी तिला खालून उचलत असते. ट्रॅक्टर उंच असल्याने तो पार होईल असा ग्रामीण भागात विश्वास असतो. तोही पुरेसा नाही. २ ऑगस्ट २०२४ रोजी शिरोळ तालुक्यातील अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यातून जाणारा ट्रॅक्टर उलटून माणसे वाहून गेली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह इतर वाहने नदीत गेली. त्या चालकांचा काहीही दोष नव्हता, त्यांच्यासमोर रोजचाच पूल होता. या दुर्घटनेनंतर जुन्या पुलांची तपासणी आणि पुराच्या वेळी ते वाहतुकीस बंद करणे याबाबत प्रशासन अधिक दक्ष झाले. म्हणून पोलिसांनी एखाद्या पुलावर अडथळे उभे केले असतील आणि पाणी अजून पुलाच्या खालीच दिसत असेल, तर हुज्जत घालण्याऐवजी गाडी वळवणे हेच शहाणपणाचे आहे.

पाण्यात मोटार बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, ही सूचना अनेकांना ठाऊक असते, पण तिच्यामागचे कारण ठाऊक नसते. इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. चावी फिरवली की दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो किंवा मोडतो. मोटारीच्या नेहमीच्या विम्यात असे नुकसान बहुधा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. विम्याचा विचार अर्थातच नंतरचा. पाणी दारापर्यंत चढत असेल तर काचा खाली करून, माणसे बाहेर काढून, गाडी सोडून देणे हाच मार्ग उरतो.

बिद्रीचे स्थान पाहता पुराच्या काळात तेथे पोहोचण्याच्या इतर वाटांचा विचार स्वाभाविकपणे मनात येतो, आणि त्यांची माहिती असणे उपयोगाचे आहे. बिद्रीपासून जवळच असलेला मुदाळ तिट्टा, म्हणजे तीन वाटा मिळतात ते ठिकाण, हा देवगड-निपाणी मार्ग आणि कोल्हापूर-गारगोटी मार्ग यांचा सांधा आहे. त्यामुळे पंचगंगेने उत्तरेची वाट अडवली असताना कोकणातून कणकवलीमार्गे, फोंडा घाट चढून, दाजीपूर आणि राधानगरी करत मुदाळ तिट्ट्यावर उतरता येते. पंचगंगा मध्ये येतच नाही. दक्षिणेकडून येणाऱ्यास बेळगाव, निपाणी आणि मुरगूड असा मार्ग आहे. कागदावर दोन्ही वाटा सोयीच्या दिसतात. प्रत्यक्षात फोंडा घाटात दरडी कोसळतात, कोकण रेल्वे पावसाळ्यात स्वतंत्र वेळापत्रकानुसार कमी वेगाने धावते आणि तिच्यावरही माती येते. निपाणीच्या बाजूने वेदगंगेचे पाणी महामार्गावर आणि मुरगूड परिसरातील रस्त्यांवर चढू शकते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, म्हणजे धरण भरले की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे, आणि त्यांतील प्रत्येकातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी भोगावती नदीत सुटते. ते पाणी दूधगंगेत येत नाही, ते पंचगंगेला मिळते; परंतु हे दरवाजे उघडल्याची बातमी म्हणजे माथ्यावर सर्वत्र मोठा पाऊस चालू असल्याची बातमी असते आणि तिचा अर्थ दूधगंगेच्या काठावरही लागू पडतो. लांबचा वळसा घेण्याचा निर्णय पाऊस ओसरल्यावर करावा. पाऊस चढता असताना वळसा घेणारा प्रवासी एका पुरातून निघून दुसऱ्यात जातो.

मग चढत्या पावसात करायचे काय, तर थांबायचे. या मार्गावर थांबण्याजोगी गावे भरपूर आहेत आणि हीच या प्रवासाची सर्वांत मोठी सोय आहे, जिचा लाभ फार थोडे प्रवासी घेतात. महामार्गाने येणाऱ्यासाठी साताऱ्याला किंवा कराडला निर्णय घेणे सोपे असते: तेथे निवासाच्या सोयी आहेत, दवाखाने आहेत, आणि पुण्याकडे परत फिरण्याची वाट बहुधा मोकळी असते. किणीचा टोलनाका ओलांडल्यावर हे सर्व पर्याय आकुंचित होतात, कारण पुढे पंचगंगा आणि मागे वारणा अशा मधल्या पट्ट्यात गाडी अडकते. रेल्वेने येणाऱ्यासाठी हीच भूमिका मिरज बजावते. कोल्हापूर हे या मार्गावरचे शेवटचे स्थानक आहे, तर मिरज हे पुणे, बेळगाव आणि सोलापूर या दिशांना जोडणारे जंक्शन आहे. त्यामुळे गाडी मिरजेला थांबवली गेली तर तेथून परतण्याचे मार्ग उपलब्ध राहतात. प्रवासी जेथून चढणार त्या स्थानकावर गाडी तीन तासांहून अधिक उशिराने येत असेल आणि प्रवाशाने प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडे परत मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी तिकीट जमा पावती, म्हणजे प्रवास न केल्याची नोंद करणारा अर्ज, गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी दाखल करावा लागतो. ही तरतूद माहीत नसल्याने कित्येक जण केवळ पैसे बुडतील या भीतीने प्रवास चालू ठेवतात. रेल्वेसंबंधी चौकशीसाठी १३९, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावेत, कारण पुरात वीज जाते आणि मोबाइलची बॅटरी संपते. नेहमीची औषधे तीन-चार दिवस अधिक पुरतील इतकी असावीत आणि ती सामानाच्या मोठ्या बॅगेत न ठेवता अंगाजवळच्या पिशवीत असावीत. थोडी रोख रक्कमही असावी.

पावसाळा टळला म्हणजे वाट निर्धोक झाली असे नाही. साधारण नोव्हेंबरपासून गळीत हंगाम, म्हणजे कारखान्यात ऊस गाळण्याचा काळ, सुरू होतो आणि बिद्रीकडे जाणारे रस्ते उसाने लादलेल्या बैलगाड्यांनी आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारी उसाची टोके मागच्या दिव्यांना झाकतात, परावर्तक पट्टी नसेल तर उभी ट्रॉली रात्री पुढच्या काही हातांवर येईपर्यंत दिसत नाही, आणि पंक्चर झालेली ट्रॉली बऱ्याचदा रस्त्यातच उभी असते. त्यामुळे हंगामात कोल्हापूरपुढचा टप्पा दिवसा उजेडी करणे केव्हाही चांगले. उसाच्या दरासाठी होणारी आंदोलनेही याच काळात येतात. २०२३ च्या नोव्हेंबरात शिरोली पुलाजवळ महामार्ग काही तास रोखून धरण्यात आला होता. त्या वेळी अडकलेल्या प्रवाशांची गैरसोय खरी होती आणि ज्या शेतकऱ्यांचा ऊस त्या रस्त्यांवरून जातो त्यांचा प्रश्नही खरा होता. याखेरीज मुदाळ तिट्ट्याजवळच्या आदमापूर येथे संत बाळूमामांच्या दर्शनाला अमावास्येला फार मोठी गर्दी होते, तेव्हा निघण्यापूर्वी पंचांग पाहिलेले बरे.

या सर्व माहितीत एक स्रोत असा आहे की ज्याची बरोबरी कोणताही नकाशा किंवा दूरध्वनी क्रमांक करू शकत नाही, आणि तो म्हणजे ज्याच्याकडे निघालो आहोत तो मित्र. नदीकाठच्या माणसाला पाणी चढते आहे की उतरते आहे हे ठाऊक असते. तो कडेच्या दगडावर किंवा झाडावर सकाळची खूण लक्षात ठेवतो आणि संध्याकाळी पाणी खुणेच्या वर आहे की खाली ते सांगतो. कोणता पूल आधी बंद होतो, एसटीची कोणती फेरी रद्द झाली, दुधाची गाडी आज आली की नाही, या बातम्या त्याच्याकडे आपोआप येतात, आणि दुधाची गाडी आली नसेल तर पाहुण्याची मोटार येणार नाही हे उघड आहे. अडचण इतकीच की कोल्हापूरकडच्या आतिथ्याला नकार देता येत नाही. पाहुणा निघाला आहे, घरात तांबडा-पांढरा रस्सा शिजण्याची तयारी झाली आहे, अशा वेळी यजमान प्रेमापोटी, ‘या की, काय होत नाही, आम्ही आहोत’ असे म्हणून जातो आणि पाहुणाही संकोचापोटी परत फिरत नाही. दोघांचा हेतू चांगला असतो आणि दोघे मिळून एक चुकीचा निर्णय घेतात.

म्हणून बिद्री आणि परिसरातील यजमानांना ही कळकळीची विनंती: पाहुणा पुण्यातून बाहेर पडण्यापूर्वी त्याला स्वतःहून फोन करावा, राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट आहे आणि पाणी चढते आहे का ते सांगावे, आणि शंका असेल तर ‘आज येऊ नका, कराडला मुक्काम करा’ असे स्पष्ट शब्दांत म्हणावे.